तुटक रेषेचे काय होते?

भूशास्त्रीय नकाशावर खडकांच्या सीमा दोन तऱ्हांनी काढल्या जातात. दोन खडकांची सीमा जेथे उघडी पडलेली असते आणि नकाशा करणाऱ्याने ती डोळ्यांनी पाहिलेली असते, तेथे रेषा अखंड असते. जेथे ती शेतजमिनीखाली, झाडीत किंवा वस्तीखाली दडलेली असून दोन्हीकडच्या पुराव्यांवरून केवळ जोडून घेतलेली असते, तेथे ती तुटक असते. या साध्या संकेतामुळे नकाशातील निरीक्षण कोणते आणि अनुमान कोणते, हे वाचणाऱ्याला न विचारता कळते. आता नकाशा टॅब्लेटवर तयार होऊ लागला आहे, त्यातील रेषा थेट संगणकात जाऊन त्यांची त्रिमितीय पृष्ठे बनतात, आणि त्या पृष्ठांच्या आधारे बोगद्याची दिशा, विंधन विहिरीची जागा किंवा खाणीचा आराखडा ठरतो. या प्रवासात तुटक रेषा तुटक राहते की नाही, हा प्रश्न भूवैज्ञानिकांच्या प्रशिक्षणाविषयीच्या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे. वाद मात्र बहुधा कागद चांगला की पडदा चांगला, एवढ्यावरच अडकून राहतो.

डिजिटल क्षेत्र-नकाशांकन म्हणजे टोपोशीट, होकायंत्र आणि नोंदवही यांची कामे एकाच हातातल्या यंत्रावर करणे: उपग्रहाधारित स्थाननिश्चितीने आपली जागा ठरवायची, खडकाचा प्रकार, थरांचा कल, छायाचित्र आणि नमुन्याचा क्रमांक तेथल्या तेथे सारणीत भरायचा, आणि सीमारेषा पडद्यावरील उपग्रहप्रतिमेवर काढायची. क्यूजीआयएस या मुक्त नकाशाप्रणालीशी जोडलेले क्यूफील्ड हे ॲप त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहे, त्यामुळे साधनाची किंमत ही आता मोठी अडचण उरलेली नाही. पृष्ठाखालील प्रतिमान ही त्यापुढची पायरी असून तीत नकाशा, विंधन विवरांच्या नोंदी आणि भूभौतिक मापने एकत्र करून जमिनीखाली थर, भेगा आणि विभंग कसे पसरले असतील याची संगणकीय मांडणी केली जाते. विभंग म्हणजे ज्या भेगेच्या दोन बाजूंचे खडक एकमेकांच्या तुलनेत सरकले आहेत ती. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांकनावरील बरेचसे निर्बंध उठवण्यात आले आणि डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान माहिती-भांडार खुले झाले. परवानगी आणि माहिती यांची वाट अशा रीतीने मोकळी झाली, तरी त्या वाटेने जाणारे विद्यार्थी कसे घडवायचे हे ठरायचे आहे.

पुढील संवादातील दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत. एक आहेत निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे प्राध्यापक, ज्यांनी सह्याद्रीतील लाव्हा प्रवाहांचे नकाशे कागदावर केले. दुसरी आहे त्यांच्याहून एका पिढीने लहान प्रतिमानकार, जी भूजलाच्या आणि बोगद्यांच्या कामांसाठी त्रिमितीय प्रतिमाने तयार करते. महाराष्ट्रातील एका पदव्युत्तर अभ्यासक्रमातील क्षेत्रकार्याची फेरमांडणी करण्यासाठी दोघे एकत्र बसले आहेत, असे गृहीत धरावे.

प्राध्यापक : पहिल्या सत्रातील विद्यार्थ्याच्या हाती टॅब्लेट दिला की त्याचे लक्ष खडकावरून उडून रकान्यांवर जाते. यादीतून ‘बेसाल्ट’ निवडले, बोट टेकवले आणि तो पुढे निघाला. दख्खनच्या पठारावर सगळेच बेसाल्ट आहे. तेथे नकाशा करायचा तर बेसाल्टाच्या आतले भेद दिसावे लागतात. दोरखंडासारख्या पृष्ठाचे, एकावर एक चढलेल्या लहान लहान पाळ्यांचे पाहोहो प्रवाह कोठे आहेत, माथ्यावर फुटक्या तुकड्यांचा थर असलेले आ-आ प्रकाराचे प्रवाह कोठे आहेत, दोन प्रवाहांच्या मधला लाल मातीसारखा थर, म्हणजे तांबडा बोल, किती जाड आहे, फेल्डस्पाराचे बोटाएवढे स्फटिक असलेला प्रवाह कोणत्या उंचीवर येतो, हे सगळे रेखाटन करताना हाताला कळते. यादीत जे नसते ते विद्यार्थ्याला दिसतच नाही.

प्रतिमानकार : सर, यादी विद्यार्थ्यानेच तयार करायची असे ठरवले तर? दोन दिवस घाटात नुसते फिरायचे, काय काय दिसले ते वहीत रेखाटायचे, आणि तिसऱ्या दिवशी कोणते गुण नोंदवायचे, कोणते सोडायचे आणि का, हे लिहून मग सारणीचा साचा बांधायचा. साचा बांधणे हेच पहिले प्रात्यक्षिक समजावे. तयार साचा हातात देणे ही शिक्षकाची सोय झाली. तो दोष यंत्रावर ढकलणे बरोबर नाही. शिवाय वहीचेही काही गुन्हे आहेत. ‘घाटाच्या तिसऱ्या वळणापाशी’ अशी नोंद रस्ता रुंद झाला की निरर्थक होते, आणि वही करणारा निवृत्त झाला की कपाटातील अर्धे ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाते.

प्राध्यापकांनी हे मान्य केले, पण एक अट घातली : रेखाटन टॅब्लेटच्या आधी व्हावे आणि त्याचे छायाचित्र नोंदीला जोडलेले असावे. ही अट किरकोळ वाटते, तरी तिच्यात अध्यापनाचा अनुभव आहे; छायाचित्र दृश्यातले सगळे सारख्याच निष्ठेने टिपते, रेखाटनात मात्र काय महत्त्वाचे आणि काय गौण हे ठरवल्याशिवाय पेन्सिल हलत नाही. नोंदीचा प्रश्न अशा रीतीने लवकर मिटला. मापनाचा मिटला नाही.

प्राध्यापक : थर क्षितिजाशी जो कोन करतो त्याला डिप म्हणजे नती म्हणतात, आणि थराचे प्रतल ज्या दिशेने आडव्या प्रतलाला छेदते ती दिशा म्हणजे स्ट्राइक. ब्रंटनचे होकायंत्र १८९४ पासून याच दोन गोष्टी मोजते. आता फोन खडकावर टेकवला की त्वरणमापी आणि चुंबकमापी मिळून क्षणात दोन्ही आकडे देतात, आणि तेही दशांश चिन्हासह. पण सह्याद्रीतील प्रवाहांची नती सर्वसाधारणपणे एका अंशाहूनही कमी आहे. प्रवाहाचा माथा मुळातच उंचसखल असतो. विद्यार्थ्याने त्यावर फोन ठेवला, तीन अंश असा आकडा आला आणि तो प्रतिमानात गेला, तर तो प्रवाह एका किलोमीटरमागे ५२ मीटर खाली जातो. खरी नती अर्धा अंश असेल तर तो पावणेनऊ मीटरच जायला हवा. दहा किलोमीटरवर ही तफावत चारशे मीटरच्या पुढे जाते. त्यात बेसाल्ट स्वतः चुंबकीय खडक. डोंगरमाथ्यावर वीज पडलेल्या जागी तर होकायंत्राची सुई भलतीकडेच वळते, आणि फोनचा चुंबकमापी सुईपेक्षा वेगळा वागत नाही.

प्रतिमानकार : म्हणूनच अशा प्रदेशात कोन मोजूच नये, उंची मोजावी. एकाच सीमेवरचे, पण एका सरळ रेषेत नसलेले तीन बिंदू आणि त्यांच्या उंची कळल्या की त्या तिन्हींतून जाणारे प्रतल एकच असते. त्यावरून नती आणि तिची दिशा दोन्ही निघतात. बिंदू एकमेकांपासून दहा किलोमीटरवर असतील आणि उंचीत दहा मीटरची चूक झाली, तरी नतीतील चूक अंशाच्या जेमतेम सहा-सात शतांशांएवढी राहते. हातातले कोणतेही होकायंत्र, कागदाच्या काळातले असो की आजचे, इतके सूक्ष्म मोजू शकत नाही. उंचीच्या सारण्या सर्वांना उपलब्ध आहेत : फेब्रुवारी २००० मधील अवकाशयानाच्या रडार मोहिमेतली, किंवा कार्टोसॅट-१ उपग्रहावरून केलेली भारतीय सारणी.

प्राध्यापक : त्या सारणीतील एक चौकट ३० मीटरची. सह्याद्रीच्या कड्याचा उतार साठ अंश धरला तर एका चौकटीत ५२ मीटरची चढण येते, आणि तेवढ्यात कदाचित दोन-तीन प्रवाह संपतात. सीमा त्यातल्या नेमक्या कोणत्या मीटरवर आहे? आणि फोन दाखवतो ती उंची कशापासून मोजलेली असते, हे किती विद्यार्थी सांगू शकतील?

हा शेवटचा प्रश्न थोडा उलगडून सांगण्याजोगा आहे. उपग्रहावरून मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून, म्हणजे लंबवर्तुळाभापासून मोजलेली असते, तर टोपोशीटवरील उंची समुद्रसपाटीपासून असते. या दोन पृष्ठांत जगभर फरक आहे आणि भारतीय उपखंडात तो विशेष मोठा आहे. सह्याद्रीच्या परिसरात समुद्रसपाटीचे पृष्ठ लंबवर्तुळाभाच्या सुमारे साठ-सत्तर मीटर खाली येते. काही ॲप ही दुरुस्ती करून उंची दाखवतात, काही करत नाहीत, आणि दोन विद्यार्थ्यांच्या फोनांत याबाबत एकवाक्यता नसेल तर एकाच तांबड्या बोलाच्या दोन नोंदी एका मोठ्या प्रवाहाच्या जाडीइतक्या वरखाली होतात. पडद्यावर दोन्ही नोंदी सारख्याच नेटक्या दिसतात, यातच धोका आहे. जुन्या टोपोशीटवरील अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट संदर्भपृष्ठावर आणि नव्या नकाशांवरील जागतिक संदर्भपृष्ठावर असल्यामुळे आडव्या दिशेनेही अशीच गल्लत होते.

प्रतिमानकारांनी यावर सुचवलेला उपाय प्राध्यापकांनाही आवडला. एकाच घाटातील एकच सीमा निवडून तिची उंची चार वाटांनी काढायची : फोनने, वायुदाबमापीने, उंचीच्या सारणीने आणि टोपोशीटवरील समोच्च रेषांनी. मग चारही आकड्यांतील फरक का आला, याचे प्रत्येकाने लेखी उत्तर द्यायचे. अशा एका दिवसातून विद्यार्थ्याला जे कळते ते महागडी यंत्रे घेऊन कळत नाही, आणि एकाच दिवसासाठी जागा असेल तर अभ्यासक्रमात तो दिवस याच कामाला द्यावा, असे म्हणण्यास हरकत नाही.

प्राध्यापक : तीन बिंदू एकाच सीमेवरचे आहेत, हे मात्र गृहीतच राहिले. दहा किलोमीटरवरचा तांबडा बोल हा तोच तांबडा बोल, हे कोणी ठरवले? पाहोहो प्रवाह चादरीसारखे पसरत नाहीत. त्यांच्या पाळ्या मध्येच संपतात आणि दुसऱ्या सुरू होतात.

प्रतिमानकार : ते ना हातोडा ठरवतो ना टॅब्लेट. १९८०च्या दशकात घाटांतील प्रवाहांचे क्रम रासायनिक पृथक्करणावरून लावले गेले, तेव्हा डोळ्यांना सारखे दिसणारे बेसाल्ट स्ट्राँशियम, बेरियम, झिर्कोनियम यांच्या प्रमाणांवरून वेगळे काढता आले. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही शैलसमूहांची नावे त्यातूनच रूढ झाली. नमुना कोठून घेतला हे अचूक नोंदलेले नसेल तर त्या पृथक्करणाचा उपयोग नाही, म्हणून येथे तरी टॅब्लेटची बाजू वरचढ आहे.

प्राध्यापक : मान्य. पण आडव्या थरांच्या प्रदेशातच सगळे प्रशिक्षण झाले तर विद्यार्थ्याला नतीचा अनुभव येणार नाही. पनवेलजवळच्या वलनापाशी प्रवाह पश्चिमेकडे स्पष्ट झुकलेले आहेत. तेथे होकायंत्राला काम आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने हैदराबादच्या आपल्या प्रशिक्षण संस्थेची केंद्रे चित्रदुर्ग आणि झावर येथे ठेवली ती उगीच नव्हे. उभ्या, दुमडलेल्या, रूपांतरित खडकांत एकदा तरी पाय अडखळला पाहिजे.

यानंतर बोलणे प्रतिमानाकडे वळले आणि मतभेद खरोखर तीव्र झाले. प्रतिमान बांधण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत भूवैज्ञानिक स्वतः एकापाठोपाठ एक उभे छेद काढतो आणि त्यांतील रेषा जोडून पृष्ठ तयार करतो. नव्या पद्धतीत संगणक सर्व सीमाबिंदू आणि नतीची मापने एकदम घेऊन संपूर्ण अवकाशभर एक गणिती फल बसवतो आणि त्या फलाच्या ठरावीक मूल्याला जे पृष्ठ लाभते तीच थराची सीमा मानतो. लीपफ्रॉग हे व्यापारी साधन आणि जेमपाय हे मुक्त साधन या दुसऱ्या पद्धतीवर चालते. पहिल्या पद्धतीत आठवडे जातात, दुसरीत मिनिटे. पण पहिलीत प्रत्येक रेषेमागे माणसाचा निर्णय असतो, दुसरीत निर्णय गृहीतकांमध्ये लपलेला असतो.

प्राध्यापक : पृष्ठ सगळीकडे सारख्याच गुळगुळीतपणे पसरते. जेथे विंधन विवर आहे तेथेही आणि जेथे चार किलोमीटर काहीच माहिती नाही तेथेही त्याचा रंग तोच, चकाकी तीच. नकाशावरची तुटक रेषा या चकाकीत विरघळून जाते. प्रवाह मध्येच संपतो हे सांगणारा पुरावा आकड्यांत नसेल तर गणित त्याला क्षितिजापर्यंत नेते. विद्यार्थी ते चित्र फिरवून पाहतो, आणि जे फिरवता येते ते खरे वाटू लागते.

प्रतिमानकार : त्यासाठी एकच प्रतिमान करू नये. मापनातील संभाव्य चूक धरून बिंदू थोडे इकडेतिकडे हलवायचे, तेच गणित शंभरदा करायचे, आणि शंभरांपैकी किती वेळा सीमा एका जागी येते ते पाहायचे. जेथे शंभर पृष्ठे एकत्र बसतात तेथे अखंड रेषा, जेथे ती विखुरतात तेथे तुटक. कागदावर ‘तुटक’ एवढेच म्हणता येत होते. येथे किती तुटक, तेही सांगता येते.

प्राध्यापक : मापनातील चूक त्यात येते, समजुतीतील चूक येत नाही. विद्यार्थ्याने विभंगाला दोन प्रवाहांची सीमा समजले असेल तर शंभरही प्रतिमाने चुकीच्याच जागी एकमत करतील.

या ठिकाणी प्रतिमानकारांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा दाखला दिला. क्लेअर बाँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी एक भूरचना ठरवून तिच्यापासून कृत्रिम भूकंपीय छेद बनवला, म्हणजे ध्वनितरंग जमिनीत पाठवून परतलेल्या प्रतिध्वनींवरून जसे चित्र मिळते तसे चित्र, आणि ते भूवैज्ञानिकांपुढे ठेवले. मिळालेल्या ४१२ अर्थविवेचनांपैकी केवळ २१ टक्क्यांनी भूरचनेचा मूळ प्रकार बरोबर ओळखला. प्रतिमानकारांच्या मते या निष्कर्षाने क्षेत्रातल्या अनुभवाचे कवच फुटते : वर्षानुवर्षे काम केलेली माणसेही आपल्या ओळखीच्या आकृत्याच चित्रात पाहतात. प्राध्यापकांनी तोच आकडा उलटा वाचला. चित्र डोळ्यांपुढे ठेवले की मन ओळखीच्या आकारांकडे धावते, आणि प्रतिमानाच्या पडद्याहून अधिक मोहक चित्र दुसरे नाही. तेव्हा या अभ्यासाने पडद्यापासून सावध राहायला सांगितले आहे, असे त्यांचे म्हणणे.

दोघांच्याही वाचनात तथ्य आहे, पण दोघांनीही एक गोष्ट अर्धवट सोडली. याच संशोधकांनी पुढे केलेल्या कामातून असे दिसले, की ज्यांनी ‘ही रचना काळाच्या ओघात घडली कशी’ हा विचार करत छेद वाचला ते अधिक यशस्वी ठरले. म्हणजे नुसत्या अनुभवाची वर्षे किंवा नुसते साधन निर्णायक नाही. आधी कोणता प्रवाह वाहिला, त्यावर किती काळ माती तयार होत राहिली, मग कोणती भेग फुटली, हा इतिहास विद्यार्थ्याला सांगता आला पाहिजे. आश्चर्य असे, की जमिनीखालच्या प्रतिमानाच्या प्रशिक्षणात संगणकाच्या आज्ञा शिकवायला वेळ मिळतो आणि या इतिहासकथनाला मिळत नाही.

प्रतिमानकार : सर, पृष्ठावर दिसते तेवढ्यावर थांबले तर काय होते, याचे उत्तर कोयनेत आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्या विभंगावर झाला त्याचा बहुतेक भाग बेसाल्टाखालच्या खडकात आहे. बेसाल्टाचे कितीही सूक्ष्म नकाशांकन केले तरी खालचा ग्रॅनाइट-नाइस किती खोल आहे, हे सांगता आले नसते. रासाटी येथील विवर १५२२ मीटरपर्यंत नेले तेव्हा ९३३ मीटर बेसाल्ट ओलांडून मग तो खडक लागला. पुढे गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल विवर घेतले गेले, तेथे बेसाल्टाची जाडी १२४७ मीटर निघाली. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या विवरात ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली अवघा आठ मीटर गाळाचा थर, आणि मग पायाचा खडक.

प्राध्यापक : किल्लारीच्या काळ्या मातीवर उभे राहून तो आठ मीटरचा थर कोणालाही कळला नसता, हे खरेच. तेथे हातोड्याचा अभिमान चालत नाही. पण रासाटीचे ९३३ आणि गोठण्याचे १२४७ हे आकडे विद्यार्थ्यांपुढे ठेवा आणि विचारा, पायाचा खडक कोठे अधिक खोल आहे? बहुतेक जण पटकन गोठणे म्हणतील. दोन्ही ठिकाणची जमीन समुद्रसपाटीपासून किती उंच आहे हे विचारल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही. प्रतिमान शिकण्याच्या आधी हा प्रश्न विचारण्याची सवय लागली पाहिजे. आणि दोन विवरांच्या मधल्या जागेत काय आहे? तेथे पुन्हा अनुमानच.

प्रतिमानकार : अनुमान असणे दोषास्पद नाही, ते तपासता न येणे दोषास्पद आहे. विवर खोदण्याआधी प्रतिमानाने सांगायला हवे, की बेसाल्ट अमुक ते अमुक मीटरच्या दरम्यान संपेल. मग खोदाई झाली की प्रतिमान उत्तीर्ण झाले की नाही हे कोणीही पाहू शकतो. अडचण एवढीच, की महाविद्यालयाला विवर घेणे परवडत नाही. कोयनेसारखी खोदाई केंद्र सरकारच्या पातळीवरच होऊ शकते.

येथे प्राध्यापकांनी जे सुचवले ते या संपूर्ण चर्चेतील सर्वांत उपयोगी ठरावे. प्राध्यापक म्हणाले, की महाराष्ट्रात विवर घेण्याची गरजच नाही, कारण ती आधीच घेतलेली आहेत आणि तीही माणूस वाकून आत पाहू शकेल इतकी रुंद. दख्खनच्या कोणत्याही गावाच्या शिवारात शेतकऱ्यांनी खोदलेल्या विहिरी असतात, बहुधा दहा-पंधरा मीटर खोल, आणि त्यांच्या न बांधलेल्या भिंतींत वरची माती, मुरूम, विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो पोकळ्यांत खनिजे भरलेला मऊ बेसाल्ट, त्याखालचा काळा कठीण पाषाण आणि मधला तांबडा बोल हे सगळे एकाखाली एक उघडे दिसते. पाणी कोणत्या थरातून झिरपते तेही कळते. प्रत्येक विहीर म्हणजे एक उभा छेद. अशा विहिरी शिवारभर विखुरलेल्या असल्यामुळे थर कोठे जाड होतो आणि कोठे संपतो, हे त्यांच्या नोंदींतून दिसू शकते.

प्रतिमानकारांनी त्याला लगेच परीक्षेचे रूप दिले. एका लहान पाणलोटातील सर्व विहिरींची यादी करायची आणि चिठ्ठ्या टाकून अर्ध्या विहिरी शिक्षकांनी झाकून ठेवायच्या, म्हणजे विद्यार्थ्यांना त्या पाहू द्यायच्या नाहीत. उरलेल्या विहिरी, नाल्यातले उघडे खडक आणि उंचीची सारणी यांवरून विद्यार्थ्यांच्या गटाने प्रतिमान बांधायचे, आणि झाकलेल्या प्रत्येक विहिरीत मांजऱ्या किती मीटरवर सुरू होईल, बोल लागेल की नाही, हे कमाल व किमान मर्यादांसह लिहून द्यायचे. नंतर सर्वांनी मिळून त्या विहिरींवर जायचे. चुकीचा अंदाज आला तर तो मापनामुळे चुकला, समजुतीमुळे चुकला की खडकाच्या खऱ्या अनियमिततेमुळे, हे त्या विहिरीच्या काठावरच ठरवायचे. खान्देशात, जेथे धुळे-नंदुरबार भागात उभ्या भिंतींसारख्या डाइकांचे झुबके आहेत, तेथे हाच प्रयोग अधिक कठीण करता येईल, कारण डाइकच्या एका बाजूच्या विहिरीचे पाणी दुसऱ्या बाजूच्या विहिरीशी जुळेलच असे नाही आणि उपग्रहप्रतिमेवरची प्रत्येक सरळ रेषा डाइक असेल असेही नाही.

या पद्धतीत एक फायदा असा आहे, की प्रतिमान क्षेत्रकार्य संपल्यावर प्रयोगशाळेत बांधायची वस्तू राहत नाही. गटाला संध्याकाळी मुक्कामी परतल्यावर कच्चे प्रतिमान पाहता येते आणि ते जेथे सर्वाधिक विखुरलेले दिसते तेथे दुसऱ्या दिवशी जाता येते. नकाशा प्रतिमानाला माहिती देतो आणि प्रतिमान नकाशाला दिशा देते. डिजिटल साधनांचा हा एवढा एक उपयोग कागदाला कधीच साधता आला नसता, आणि प्राध्यापकांनीही तो विनाअट मान्य केला. चढण चढू न शकणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रश्नही त्यातून काहीसा सुटतो. ड्रोनच्या छायाचित्रांवरून केलेले कड्याचे त्रिमितीय चित्र त्यांना मुक्कामी अभ्यासता येते आणि गटाच्या अंदाजात त्यांचा वाटा बरोबरीचा राहतो. मात्र सर्वांसाठीच कड्याऐवजी चित्र, ही सवलत देऊ नये, असे प्राध्यापकांनी बजावले, आणि त्यांचा हा आग्रह योग्यच आहे.

उरला तो वेळापत्रकाचा आणि गुणांचा वाद. क्षेत्रशिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात, कारण हवा बरी असते. पण तेव्हा विहिरींत पाणी असते आणि भिंतीचा खालचा भाग दिसत नाही. एप्रिल-मे मध्ये पाणी तळाला जाते, तेव्हा विहीर वाचता येते. पण त्याच वेळी विद्यापीठाच्या परीक्षा असतात आणि उन्हात दिवसभर शिवारात हिंडणे सोपे नाही. पनवेलचे वलन आणि घाटातला चार वाटांचा दिवस जानेवारीत, आणि विहिरींची चाचणी विद्यापीठाच्या परीक्षा संपल्यावर मे महिन्यात पहाटेपासून साडेदहापर्यंत, अशी तडजोड पुढे आली. परीक्षा संपल्यावर कोणी येणार नाही, ही प्राध्यापकांची शंका. त्या शिबिराशिवाय गुणपत्रिका देऊ नये, हा प्रतिमानकारांचा उपाय.

गुणांबाबत मात्र एकमत झाले नाही. समजा, एका गटाने ‘मांजऱ्या चार ते अकरा मीटरच्या दरम्यान’ असे लिहिले आणि तो नऊ मीटरवर लागला. दुसऱ्या गटाने दुसऱ्या विहिरीसाठी ‘साडेआठ ते साडेनऊ’ असे लिहिले आणि तो दहावर लागला. पहिल्याचे उत्तर बरोबर आले, पण इतक्या रुंद मर्यादांत विहीर खोदणाऱ्या शेतकऱ्याला काय कळले? दुसऱ्याचे उत्तर चुकले, पण तो एका मीटरच्या आत पोचला. प्रतिमानकारांच्या मते दुसऱ्याला कमी गुण मिळावेत, कारण स्वतःच्या अज्ञानाची मर्यादा त्याला नीट सांगता आली नाही. प्राध्यापकांच्या मते दुसऱ्याने खडक अधिक पाहिला होता, हे त्याच्या वहीवरून दिसेल, म्हणून वही पाहिल्याशिवाय गुण देऊ नयेत. प्रस्तावाच्या मसुद्यात गुणविभागणीचा तक्ता त्या दिवशी कोराच राहिला, आणि अशी उत्तरे बहिःस्थ परीक्षकांकडे पाठवून त्यांनी वही पाहण्याआधी एकदा आणि पाहिल्यानंतर एकदा गुण द्यावेत, एवढीच नोंद त्याखाली झाली.